स्पीकरवरचे सर

विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव पाडलं होतं प्रॉस्पेक्टस. शेअर विकायला काढताना कंपनी जी पुस्तिका छापते, तिच्यात पुढे मोठमोठ्या बाता असतात आणि मागे बारीक अक्षरांत धोके. सरांच्या बाबतीत मागची पानंच गायब होती. हे नाव त्यांच्या बायकोच्या कानावर आलं होतं आणि तिला ते मनापासून पटलं होतं.

कंपनी कायदा आणि शेअर बाजाराचे नियम शिकवण्यात सरांची उभी हयात गेली. "बैठकीत जो गप्प बसला, त्याने संमती दिली. विरोध असेल तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा!" हे ते दरवर्षी टेबलावर मूठ आपटून सांगत. मग हेच सर कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्वतंत्र संचालक म्हणून, म्हणजे मालकांवर बाहेरून लक्ष ठेवायला, जात आणि मूग गिळून परत येत. त्यांचा विरोध बाहेर पडायचा तो घरी, पायमोजे काढताना. "चोर आहेत लेकाचे," असं पायमोज्यांना ऐकवून ते हात धुवायला जात. इतका भित्रा माणूस इतक्या चढ्या आवाजात शिकवतो कसा, याचं बाईंना आधी नवल वाटायचं. पुढे पुढे किळस यायला लागली.

आणखी एक खोड होती. घरी आलेला प्रत्येक फोन ते स्पीकरवर घेत. पलीकडून "सर, आपलं मत हवं होतं" असं आलं की बायकोकडे बघून भुवया उडवत. नुसतं थोर असून काय उपयोग, घरात कोणी ऐकायला नको? बाई जेवता जेवता ऐकत.

एकदा असंच ताटावर असताना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सर ज्या कंपनीच्या मंडळावर होते, तिथेच ती सचिव होती. बैठका आणि कागदपत्रं तीच सांभाळायची.

"सर, शेअर विक्रीच्या पुस्तिकेचा मसुदा आलाय, त्यात जो दुसरा कारखाना दाखवलाय ना, तो नाहीच आहे. मी जाऊन आले. तिथे नुसतं रान माजलंय. उद्या बैठकीत तुम्ही बोलाल ना?"

"शाब्बास! बरोबर पकडलंस. बघतो मी," सर म्हणाले आणि त्यांनी भुवया उडवल्या.

बैठकीत सरांनी बघितली ती फक्त बिस्किटं. पुस्तिका तशीच छापली गेली, शेअर विकले गेले आणि लोक बुडाले. बाजारावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाची चौकशी लागली, तेव्हा कंपनीने सगळं त्या मुलीच्या गळ्यात घातलं. म्हणे, तिने कुणाला सांगितलंच नाही. तिचा परवाना जायची वेळ आली. तिने साक्षीला सरांना बोलावलं.

सरांनी बाईंनाही बरोबर नेलं. मोठ्या खुर्चीत बसताना त्यांना बघायला कोणीतरी लागायचंच. बाई मागच्या बाकावर बसल्या.

"या खोट्या कारखान्याबद्दल यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?" अधिकाऱ्याने विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "इतिवृत्तात तशी नोंद नाही."

"ते वाचलंय आम्ही. तुम्हाला काय आठवतं?"

"नोंद नसलेल्या गोष्टीवर बोलणं मला उचित वाटत नाही."

ती मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला अजूनही वाटत होतं की सर पुढे काहीतरी म्हणतील. ते बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मला आठवतंय."

"आपण कोण?"

"यांची बायको. फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे सगळेच असतात."

सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "अगं, खाली बस! आपण घरी बोलू."

"घरीच तर बोलत आलात जन्मभर," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या लेखनिकाकडे वळल्या. "हं, लिहून घ्या."