खडूच्या फुल्या

माझं तोंड वाईट, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला दोन दिवस लागले. पण या तोंडानं माझ्याच माणसाचं असं नुकसान कधी केलं नव्हतं, जे गाडी विकताना केलं.

आमच्याकडे एक विलायती गाडी होती. बदलापुरात, आमच्या जुन्या सोसायटीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. लांबलचक बॉनेट, काळपट हिरवा रंग, आत कातड्याच्या सीटा. इंग्लंडात म्हणे लॉर्डबिर्ड फिरायचे तिच्यातून. आमच्यात कोण मेला लॉर्ड? हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, साचे-हत्यारं घडवायला. कारखान्याचे मालक वारले आणि बंगल्यामागे सडत पडलेली त्यांची गाडी मुलांनी भंगारात काढली. ह्यांनी ती भंगाराच्याच भावात घेतली आणि टेम्पोवर चढवून घरी आणली. घरात दोन पोरं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दारात हे धूड. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

बारा वर्षं ह्यांनी ती गाडी दुरुस्त केली. पार्ट परदेशातून मागवायचे तर आमचा महिन्याचा घरखर्च त्यात गेला असता. मग हे पार्ट बनवायला लागले. आनंदनगरला एमआयडीसीत मित्राचा गाळा होता, सुट्टीच्या दिवशी त्याच्या लेथवर उभे राहायचे. पाण्याचा पंप, सांध्यांतले पितळेचे बुश, दारांच्या मुठीसुद्धा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांवर मापं काढलेली असायची, ती मी कधी रद्दीत घातली की घरात रामायण. कॅम्प पाचच्या सिंधी वस्तीत एक म्हातारे रबराचं काम करायचे. दाराच्या जुन्या रबरी पट्टीचा कुजका तुकडा हातात घेऊन म्हणायचे, "साईं, बन जाएगा," आणि खरंच बनवून द्यायचे. सीटा तिथल्याच एका बॅगवाल्यानं शिवल्या.

समोरचा लाकडी बोर्ड पार वाळवीनं खाल्लेला होता. ह्यांना सागवान हवं होतं. माझ्या माहेरच्या पलंगाची डोक्याकडची फळी होती, जुनी, जाडजूड. मी म्हटलं, "न्या! माझं मंगळसूत्रही वितळवा आणि घाला तिच्या नाकात!" बुवापाड्यातल्या सुताराकडून त्या फळीचा बोर्ड झाला. भांडण आठ दिवस चाललं. पण गाडी पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा हे घामानं आणि ऑइलनं माखलेले आत बसले होते आणि मी बाहेर पदरात तोंड खुपसून रडत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

मग यंदा सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घरं रिकामी करायची, आणि शेड तर सगळ्यांत आधी पडणार. आम्हाला भाड्याची जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, खाली स्कूटर लावायचीही मारामार. पोरं परगावी, त्यांच्या त्यांच्या संसारात. गाडी काढावीच लागणार होती. ह्यांची अट एकच होती. घेणाऱ्यानं ती चालवली पाहिजे, आहे तशी.

पहिला आला तो लग्नात भाड्यानं द्यायला मागत होता. दुसऱ्याला ती बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टच्या दारात ठेवायची होती, बॉनेट उघडून आत फुलझाडं लावणार होता म्हणे. ह्यांनी दोघांनाही चहासुद्धा विचारला नाही.

तिसरा मुंबईचा. चाळिशीतला, बोलायला मऊ. चपला काढून शेडमध्ये शिरला. ह्यांनी त्याला कात्रपपर्यंत चक्कर मारून आणली. परत आले तेव्हा दोघंही हसत होते. "रविवारी मुलीला घेऊन फिरेन काका," तो म्हणाला. "कुलपात नाही ठेवणार." ह्यांना एवढंच ऐकायचं होतं. ह्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तो येण्याआधी ह्यांनी मला बजावलं होतं, "तू गाडीबद्दल काही बोलू नकोस." मला वाटलं, माझ्या तोंडाची नेहमीची भीती. मी गुपचूप पोहे आणि चहा आणून ठेवला. तो माणूस चहा पिता पिता म्हणाला, "कमाल आहे काका. एवढी वर्षं होऊन सगळं ओरिजिनल. इंग्रजांचं काम ते इंग्रजांचं काम."

हे कपात बघत राहिले. माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं माझा नवरा लेथपुढे उभा राहिला आणि शाबासकी इंग्रजांना?

"कसले इंग्रज हो!" मी म्हटलं. "ह्यांनी केलंय सगळं. पंप, बुश, काय काय. इंग्रजांची आहे ती नुसती बॉडी!"

त्यानं कप खाली ठेवला. "दारांच्या मुठीही?"

"मुठीही! आणि समोरचा बोर्ड आहे ना, तो माझ्या माहेरचा पलंग आहे." मी हसलेसुद्धा. दुसरं कुणी हसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो रागावून निघून गेला असता तर बरं झालं असतं. तो अदबीनं म्हणाला, गाडी मी घेतोच, बॉडी आणि कागद चांगले आहेत, तुमचा भावही पाडत नाही. फक्त माझा मेकॅनिक येऊन बघेल. बनवलेलं असेल तेवढं काढून टाकू आणि ओरिजिनल मागवू. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बारीक तपासतात, काका.

तो गेल्यावर मी म्हटलं, "देऊ नका त्याला."

"मग कुठं ठेवू? तिसऱ्या मजल्यावर?" हे म्हणाले. मग म्हणाले, "मी खोटं बोलणार नव्हतो. त्यानं सरळ विचारलं असतं तर सांगितलं असतं. वाटलं होतं, वर्षभर चालवू दे. चांगली चालते हे एकदा कळलं असतं ना, तर मग कोणी बनवलं याचं त्यालाही काही वाटलं नसतं."

मला ओरडले असते तरी चाललं असतं. ओरडले नाहीत.

शनिवारी मेकॅनिक आला. जाडा चष्मा, हातात टॉर्च आणि पांढरा खडू. बनवलेला पार्ट दिसला की त्यावर फुली मारायची. हे शेजारी उभे. "ये लोकल है," फुली. "ये भी लोकल," फुली. बोर्डावर टॉर्च मारून म्हणाला, "ये तो सागवान है. इसमें अखरोट की लकड़ी आती है," आणि माझ्या पलंगावर फुली मारली. मला त्याचा हात धरावासा वाटला. पण या खेपेला तोंड मिटून उभी राहिले, जेव्हा उघडायला हवं होतं.

मग तो बॉनेटखाली वाकला. पाण्याच्या पंपापाशी थांबला, बोट फिरवलं, टॉर्च जवळ नेला. "ये ओरिजिनल है," म्हणाला आणि पुढे सरकला.

"नाही," हे म्हणाले. "तोही मीच केलाय."

मेकॅनिकनं मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. "सच में, काका?"

"मारा फुली."

त्यानंतर हेच दाखवत गेले. हा माझा. हाही माझा. ह्याच्या आतला बुशही, वरून नाही दिसणार. त्या जाणत्या माणसाला ओळखू न आलेले सात-आठ पार्ट ह्यांनी स्वतःहून दाखवले आणि प्रत्येकावर फुली मारून घेतली. मेकॅनिक शेवटी खडू खिशात टाकून म्हणाला, "काका, हात में जादू है आपके." ह्यांनी मान हलवली. काढलेले पार्ट परत पाठवू का, असंही त्यानं विचारलं. हे नको म्हणाले.

ट्रक आला त्या दिवशी फळ्यांवरून गाडी ह्यांनीच वर चढवली. एका किल्लीत सुरू झाली. उतरून दार लावलं आणि घरी येऊन भांडी खोक्यात भरायला मला मदत करू लागले.

आता आम्ही भाड्याच्या जागेत आहोत. परवा त्या मुंबईच्या माणसानं माझ्या मोबाइलवर गाडीचा फोटो पाठवला. गाडी नुसती झगझगत होती, बॉनेट उघडं, मुठी नव्या, सगळं नवं. खाली लिहिलं होतं, काकांना दाखवा. दाखवू की नको, यात माझी सकाळ गेली. शेवटी चहा झाल्यावर मोबाइल ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, इंजिनवरून हळूहळू फिरवला, जिथं जिथं फुली मारून घेतली होती, त्या एकेका जागी थांबले.

"छान आहे," म्हणाले आणि मोबाइल मला परत दिला. "कुणाची गाडी?"

मी म्हटलं, "इंग्रजांचीच."