बकऱ्याला कसला शनिवार

सावेडीतल्या माझ्या पार्लरमध्ये मेकअप शिकायला मुली येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ब्रश धुण्यावर प्रवचन देते. गिऱ्हाइकाला लावलेला ब्रश त्याच दिवशी धुवायचा. घरात आपल्या एकटीचा असेल तर आठवड्यातून एकदा तरी. कोमट पाणी, लहान बाळाचा शाम्पू, केसांची टोकं खाली. मुली वहीत लिहून घेतात. माझा आवाज असा लागतो, की जणू मी जन्मले तीच हातात धुतलेला ब्रश घेऊन. खरी गोष्ट अशी, की हे सगळं मला एका नवरीच्या गालानं शिकवलं, आणि ते मी त्या मुलींना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा पार्लर नवं होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. मला मेकअप करायला लई आवडायचं आणि त्यानंतरचं आवरायला अजिबात आवडायचं नाही. एका शनिवारी मनावर दगड ठेवून मागच्या मोरीत टबभर फेसात ब्रश बुडवले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चष्मा देवापाशी राहिला होता.

"आगं, आज शनवार हाय. शनवारी केस धुत्यात व्हय?"

सासूबाईंचं माहेर कर्जतकडचं. न्हाण्याचे त्यांचे नेम पक्के. सोमवारी न्हायचं नाही, शनिवारी न्हायचं नाही, एकादशीला नाही, अमावस्येला तर नाहीच, आणि जिला भाऊ आहे तिनं बुधवारी नाही. मी ब्रशांकडं पाहिलं. केस तर होतेच, बकऱ्याचे होते. मला आयतंच कोलीत सापडलं. "बरं आई," म्हणून टब उपडा केला.

त्या दिवसापासून माझे ब्रश फार धार्मिक झाले. सोमवार, शनिवार गेले. एका बकऱ्याचे केस चार ब्रशांत, म्हणजे ती सख्खी भावंडंच, म्हणून बुधवारही गेला. उरलेल्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरी असायच्या, नाहीतर मला कंटाळा असायचा. नवऱ्यानं एकदा विचारलं, तर म्हटलं, "तुमच्या आईंना चालत नाही." सुनेला एवढी सोयीची सासू नगर जिल्ह्यात दुसरी नसेल.

मग सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मिरजगावची पोरगी, एकुलती एक, मला वहिनी म्हणणारी. बारा दिवस आधी ट्रायलसाठी आली. मी तिला तासभर खुर्चीत बसवून असं नटवलं, की सासूबाईंनी तिथंच कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

चौथ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर लाल पुटकुळ्या. एक-दोन नाही, हरभऱ्याची डाळ सांडावी तशा.

"वहिनी, तोंडाचं काय झालं बघा वो," म्हणाली आणि रडायला लागली.

आता इथं मी जे केलं, ते लिहिताना अजून कान गरम होतात. मी म्हटलं, "शेंगदाणे खाल्ले असशील. पोट साफ नसेल."

सासूबाईंनी निदान केलं, "नजर लागली." फोनवरूनच बहिणीला मीठ-मोहरी ओवाळून टाकायला सांगितली. बहीण त्याच शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आली. शनिदेवाचा या प्रकरणात काडीचाही हात नव्हता. हात कोणाचा होता, ते मला आतून कळत होतं. म्हणून मी पार्लरची कडी लावली, नवऱ्याचा पांढरा रुमाल ओला केला आणि फाउंडेशनचा ब्रश त्यावर दाबून फिरवला.

रुमालावर तीन नवऱ्या उतरल्या. एक गोरी, एक गव्हाळ, आणि एक तर मागच्या महिन्यातली राहुरीची, तिची नारिंगी छटा मी कुठंही ओळखली असती. वर एक आंबूस वास. मला किळस आली, ब्रशाची नव्हे, माझीच. मी सगळे ब्रश शाम्पूत घातले. पाणी गढूळ, मग चहासारखं, मग नितळ व्हायला सात पाणी लागली. त्या दिवशी वार कुठला होता, ते मी पाहिलंही नाही.

धुऊन झाल्यावर ब्रश डोकं वर करून पेल्यात उभे ठेवले. सकाळी बघते तर पाणी उतरून आतला डिंक सुटलेला आणि सगळ्यात महागडा ब्रश टकला. बरंच झालं. तेव्हापासून ब्रश आडवे, टॉवेलच्या काठावर, सावलीत.

दुपारी सासूबाई बहिणीशी फोनवर बोलल्या आणि मला सांगायला लागल्या. पोरीनं शेंगदाणे सोडले, चहा सोडला, तोंडाला मुलतानी माती थापून खोलीचं दार लावून बसते, नवरा मुलगा भेटायला आला तर बाहेर आली नाही. "म्हनती, मलाच खायची हाव, माजंच चुकलं," असं सासूबाई सांगत होत्या. मला ते सहन होईना. लग्नाला सहा दिवस होते. मी सरळ म्हटलं, "आई, नजर नाही. माझे ब्रश घाण होते."

"मग धुयाचे न्हाईत?"

"तुम्हीच म्हणालात, शनिवारी केस धुवायचे नाहीत."

"आगं भवाने, मला वाटलं तू गंगावनाचे केस धुतीस! बाईमान्साच्या केसाला नेम असतो. बकऱ्याला कसला गं शनवार?"

मग पदर खोचून उठल्या. "चल मिरजगावला. त्या पोरीला तुज्या तोंडानं सांग."

एसटीत त्यांनी दीड तास आमच्या दोघींच्या मधे पिशवी ठेवली. मिरजगावात त्या पोरीच्या खोलीत, मातीनं पांढऱ्या झालेल्या तोंडासमोर बसून मी सगळं सांगितलं. शेंगदाण्यांचंही.

तिनं गालावरची सुकलेली माती नखानं खरवडली. मग म्हणाली, "म्हंजे माज्या तोंडावर तीन नवऱ्या बसल्या हुत्या?"

"हो."

"आन मी तीन दिस शेंगदान्याची चटनी सोडली!"

ती उठली, खसाखसा तोंड धुतलं आणि आईला म्हणाली, "भाकरी वाढ, चटनी लई वाढ." माझ्याकडं मात्र बघितलं नाही. लग्नात मेकअपला येऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "माहीत न्हाई." तिचं बरोबर होतं. मी तिला नगरला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि लग्नापर्यंत तोंडाला काही फासायचं नाही म्हणाले. जाता-येता ती माझ्याशी मोजकंच बोलली.

आदल्या दिवशी तिचा फोन आला. "या. पर ब्रश माज्याम्होरं रुमालावर पुसून दावायचे. पांढऱ्या."

लग्नाच्या सकाळी मी कार्यालयातल्या खोलीत सगळे ब्रश ओळीनं मांडले आणि शेजारी इस्त्रीचा पांढरा रुमाल ठेवला. पुटकुळ्या जवळजवळ गेल्या होत्या, हनुवटीवर एक हट्टी तेवढी उरली होती. ती येऊन खुर्चीत बसली. मी पहिला ब्रश उचलला आणि रुमालाकडं हात नेला.

तिनं रुमालाकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि तोंड माझ्यापुढं केलं.

ब्रश तसाच हातात राहिला.

"थांब," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यावर चष्मा चढवला, रुमाल मांडीवर पसरला आणि माझ्या हातातल्यासकट एकेक ब्रश घेऊन त्यावर घासला. सतराच्या सतरा. मग रुमाल उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"लाव आता," त्या म्हणाल्या.