आधी विचारणारी आत्या

संमती म्हणजे काय हे आख्ख्या जगात एकाच बाईला कळलंय, आणि ती माझी आत्या आहे. बाकीचे सगळे फॉर्म भरतात. मालवणच्या किनाऱ्यावर बांगडे सुकवणाऱ्या ह्या बाईला आधी विचारल्याशिवाय काही करताच येत नाही. नारळ काढायचा तर आधी माडाला सांगणार. कुलूपबंद घराच्या अंगणातून पलीकडे जायचं तरी पायरीशी थांबून "जातंय हां," म्हणणार आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ उभी राहणार. खाटेवर मांजर झोपलं असेल तर उठतंस काय म्हणून त्याला विचारणार, आणि ते हललं नाही तर स्वतः जमिनीवर बसणार. एकदा एका पर्यटकाने न विचारता तिचा फोटो काढला. आत्याने त्याला प्रेमाने बोलावलं, बसवलं, सोलकढी दिली आणि तो तोंड वाकडं करून पीत असताना मला त्याचा फोटो काढायला लावला. "आता तुझो फोटू आमच्याकडे आसा," ती म्हणाली. "खंय लावू, सांग." त्याने आपल्या फोनमधला फोटो मुकाट्याने पुसला आणि सोलकढीही संपवली.

अशा बाईच्या हातात शहरातल्या एका संस्थेने कॅमेरा दिला. आरोग्य संशोधनात समुदायाचा सहभाग, असं त्या कामाचं नाव. म्हणजे गावातल्या बायकांनी आपल्या तब्येतीला जे छळतं त्याचे फोटो काढायचे, संस्थेने त्यावर अभ्यास करायचा आणि अभ्यासावर संस्थेचं नाव घालायचं. गावाची संमती तर त्यांनी पहिल्याच दिवशी उरकली. सभा देवळात होती. आमच्याकडे कुठलंच काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून एका म्हाताऱ्या मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं: हे पाहुणे लांबून आलेत, त्यांच्या कामाला यश दे, गावाला सुखी ठेव. प्रत्येक मागणीपाठोपाठ सगळ्यांनी नेहमीसारखं "व्हय म्हाराजा" म्हटलं. संस्थेच्या मॅडमनी डोळ्यांत पाणी आणून ते रेकॉर्ड केलं. अहवालात त्याची नोंद झाली: संपूर्ण गावाची एकमुखी संमती.

आत्या मात्र कॅमेरा गळ्यात घालून घरोघर विचारत फिरली. बहुतेकांनी नको म्हटलं. तेव्हा तिने, त्यांनाच विचारून, त्यांच्या बंद दारांचे फोटो काढले. मॅडमनी ते पाहून कपाळाला हात लावला. "आत्या, यात आरोग्य कुठे आहे?"

"ज्येंनी नको म्हटल्यानी, तेंचे ते फोटू," आत्या म्हणाली. "तुमीच म्हणालास ना, लोकांचा म्हणणा दाखवा."

दारं विषयाला धरून नाहीत म्हणून बाद झाली. उरला एक फोटो. आमच्या एका शेजारणीने आत्यावरच्या भरवशाने आपलं दुखणं उघडं करून दाखवलं होतं, फक्त डॉक्टरांनी बघावं म्हणून. दुखणं कुठलं आणि अंगावर कुठे, ते मी सांगणार नाही. ती स्वयंपाकाचं काम करते, लोक तिच्या हातचं जेवतात, आणि हे बाहेर पडलं तर जेवणार नाहीत, एवढं पुरे. फॉर्मवर सही आत्याची होती, फोटो काढणारी म्हणून. शेजारणीची कुणी घेतलीच नव्हती, कारण संमती देवळात मिळालेली.

सावंतवाडीत संस्था ह्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. आदल्या दिवशी आम्ही एसटीने गेलो, तर तो फोटो दाराएवढा करून समोरच टांगलेला. चेहरा तेवढा कापला होता. जणू आमच्या गावात माणूस ओळखायला चेहरा लागतो.

"तुमी तिका इचारलास?" आत्याने विचारलं.

"अहो, सगळ्या गावाने होकार दिलाय. माझ्याकडे आवाज आहे त्यांचा."

"ता व्हय देवाक म्हटलला," आत्या म्हणाली. "तुमी देव?"

मग तिने तिथल्या शिपायाला स्टूल घेऊ का म्हणून विचारलं, त्याने घ्या म्हटलं, आणि तिने फोटो उतरवून चटईसारखा गुंडाळून काखेत मारला.

मी पेटले होते. परतीच्या एसटीतच आमच्या संघटनेच्या निषेध पत्रकाचा मथळा ठरवला, आणि खाली पुरावा म्हणून हाच फोटो. आत्याला सांगितलं.

"ते भिंतीर लावतले, तू घराघरात वाटतलंस," ती म्हणाली. "फरक काय तो सांग गो."

मी तिला फरक सांगितला, चार मुद्द्यांत. ते संपेपर्यंत कुडाळ आलं. आत्या म्हणाली, "तिका इचार."

संध्याकाळी आत्याने गुंडाळी शेजारणीच्या हातात दिली, आणि मी विचारलं. ती नको म्हणाली. उठायला लागले तर तिने बसवून घेतलं आणि तासभर बोलली: हे कधी सुरू झालं, कामावर कसं लपवते, कुणाला भिते. शेवटी म्हणाली, "ह्या खंय लिहू नको हां."

पत्रक निघालं, फोटोशिवाय. संघटनेतल्या मंडळींना ते फारच मिळमिळीत वाटलं. मला अजून त्या तासाचं ओझं वाटतं. एका सकाळी पडवीत बसलो असताना निदान आत्याला तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"माका सांग म्हणान तिना तुका सांगल्यान काय?" आत्याने विचारलं.

नाही, म्हटलं. समोरच्या वाटेने शेजारीण कामाला निघाली होती. आत्याने हात वर केला, तिनेही केला.