उंटाच्या पायाशी उंदीर

आमच्याकडे दसऱ्याला गोंबे मांडतात. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात काढल्यावर बाहुल्यांना बाहुल्या म्हणायचं आम्ही कधीच सोडून दिलंय. वरच्या पायरीवर राजाराणी आणि खाली जमिनीवर मुलांनी करायचा देखावा. यंदा माझ्या लेकीने वाळवंट केलं. उंट माझा, लग्नात राजाराणीबरोबर माहेरून आलेला, लाकडी, चांगला हातभर उंच. म्हटलं, चला, यंदा तरी मान आपला.

पण माझी धाकटी जाऊ पुण्याची, आयटीतली आणि लेकीची लाडकी. तिने मातीचा एक उंदीर केला, अंगठ्याएवढा, लांब शेपटीचा. वाळवंटातलाच म्हणे. झालं. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई वाकून उंदीरच बघायची. लेक घडाघडा सांगायची, "उंट एका दमात बादल्याच्या बादल्या पाणी पितो. हा पीतच नाही. दाण्यांवरच भागतं त्याचं."

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "स्वल्पच आहे गं, पण उंटाला भारी पडला."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि आतून जळून खाक झाले.

जावेचंही तसंच आहे. खाणं चिमणीएवढं, आवाज हळू, कुणाकडे काही मागणं नाही. मी ही एवढी ऐसपैस, सदा कुरकुरणारी आणि अख्खं घर पाठीवर घेतलेली. मला कोण वाकून बघतंय? त्यात तिने लेकीला सुट्टीत पुण्याला नेऊ का, असं विचारलं होतं. लेक अजून काही बोलली नव्हती. मला मात्र तिचं 'हो' आधीच ऐकू येत होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मांडणीतलं एक गोंबे आडवं करून झोपवतात, मग सण संपतो. ते काम लेकीचं. ती देखाव्यापाशी बसली तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "या दोघांत तुला कोण जास्त आवडतं?"

"उंदीर."

क्षणभरही विचार केला नाही पोरीने. मी निरांजनाची वात उगाच पुढे सारत राहिले.

तिने उंटाला दोन्ही हातांनी धरून हळूच आडवं केलं, पाठीखाली रुमाल सारला. म्हणाली, "पण उंदरावर बसून घरी येता येत नाही ना. मी पुण्याला जाणार आहे, आई. परत आणायला काकू नको. तू ये."

"सरी, मीच येते," मी म्हटलं. उंदराकडे मात्र बघितलं नाही.