तिसऱ्या माळ्यावरची सही

"मधात थांबलं का वझं जड होते, साहेब," असं म्हणत तो पाठीवरची पोरगी आमच्या बाकावर उतरवायचा. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आधी तिचा घाम पुसायचा, मग स्वतःचा.

तो वाडीच्या गोदामातला हमाल. पोरगी सोळा-सतराची, दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. अपंगांना हातानं चालवायचं सरकारी शिवणयंत्र मिळे आणि त्याचे अर्ज सदर भागातल्या आमच्या कचेरीत, तिसऱ्या माळ्यावर, माझ्या टेबलावर येत. सत्तरचं दशक होतं. इमारतीत लिफ्ट होती, पण ती अधिकाऱ्यांसाठी. आम्ही कारकूनही जिनाच चढायचो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमची एक रीत होती. अपंगत्व साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. दाखला खोटा निघाला तर? म्हणून कागदात काही कमी पडलं की मी ठरलेला शेरा मारायचो, 'लाभार्थीस समक्ष हजर ठेवावे.' या अर्जावर तो तीनदा मारला. तीनही वेळा बाप तिला पाठीवर घेऊन आला. साहेब चष्म्यावरून तिच्या पायांकडे बघत, "हं" म्हणत, की झालं काम.

पोरगी त्याला चिडवायची. "बाबा, माह्यापेक्षा ज्वारीचं पोतं बरं ना?"

"पोतं गपचूप राह्यते वं," तो म्हणायचा. सगळी कचेरी हसायची, मीही.

तिसऱ्या खेपेला तो धापा टाकत वर पोचला, तेव्हा लिफ्टमधून आमचं नवं लोखंडी कपाट बाहेर निघत होतं.

"कपाट लिफ्टनं काहून आणलं जी?"

"जड आहे ना," मी म्हणालो.

"हो जी. त्याले पाय नाहीत," त्यानं समजूतदारपणे मान हलवली. टोमणा नव्हता त्यात, खरंच सांगतो. पोरगी मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि मी फायलीत डोकं घातलं.

यंत्र मंजूर झालं. पत्र मीच पाठवलं, सवयीनं तोच शेरा मारून.

महिन्याभरानं भर दुपारी जिन्याकडून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. दारात ती पोरगी. एकटी. दोन्ही हातांत रबरी चपला घातलेल्या, परकर गुडघ्यांवर फाटलेला.

"बाबा कुठं आहेत?"

"गोदामात थप्पी कोसळली. पोत्याईखाली आले. नाही वाचले," ती म्हणाली. "तुमचं पत्र आलं होतं ना, समक्ष या म्हणून."

मी हादरलो. यंत्र तर खालीच होतं, जिन्याशेजारच्या खोलीत. सहीचं रजिस्टर काखोटीला मारून मला खाली जाता आलं असतं. साहेब रोज लिफ्टनं उतरत. तिचे पाय त्यांना खाली दिसले नसते? इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, आणि मी स्वतःला भला माणूस समजत होतो!

तिनं सही केली. मी कुणालाही न विचारता तिला उचलून लिफ्टमध्ये बसवलं. लिफ्टवाला म्हणाला, "साहेब रागावतील." मी त्याच्यावर ओरडलो. दार लागलं, जरासा हिसका बसला आणि दार उघडलं.

"आलो खाली?" तिनं विचारलं.

"आलो."

ती उघड्या दाराकडे बघत राहिली. "एवढ्या वेळात बाबाचा एक माळा भी चढून होत नव्हता."