कोरड्या तळ्यातलं गाणं

आमच्या वारणाकाठच्या गावातून कुणी हौसेने बीड जिल्ह्यात जायला निघालं, की लोक त्याच्याकडे जरा काळजीनेच बघतात. तिकडून आमच्याकडे माणसं येतात. इकडून तिकडे कुणी जात नाही. दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच मी पिशवी भरली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी कुंपणावरूनच विचारलं, “बाई, दुष्काळात काय बघायला निघालात?”

“गाणं,” मी म्हणाले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आमच्या उसाची तोड गेले नऊ हंगाम एकच टोळी करते. त्या टोळीत रुक्मिण आणि तिचा नवरा आश्रुबा असा एक ‘कोयता’ (नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे हाच शब्द) आहे. फडाच्या त्या टोकाला रुक्मिण गायला लागली, की चार एकर ओलांडून शब्द न् शब्द माझ्या ओट्यावर येतो. मी तीस वर्षं शाळेत मुलांकडून कविता म्हणून घेतल्या. आवाज पारखण्याचा मला थोडा गर्वच आहे. तरी तिला “छान गातेस” म्हणायला मला नववा हंगाम उजाडला. तेव्हा ती कानशीने कोयत्याला धार लावत होती. मान वर न करता म्हणाली, “हितं काय ऐकता बाई? हितं मी मजूर हाय. आमच्या तळ्यात या, तितं ऐका.”

आणि यंदा तिचा फोन आला. “औंदा तळं कोरडं हाय. गानं व्हनार. मी बी गानार हाय. या.”

कोल्हापूरहून सकाळी एस.टी. धरली, संध्याकाळी बीडला उतरले आणि एका लॉजवर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शिरूर कासारवरून पुढे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. माझ्यासारख्या सडपातळ बाईला दोन जाडजूड गृहस्थांच्या मध्ये जागा मिळाली. उजवीकडचे नेकनूरचे शेषराव, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. डावीकडचे दिंद्रुडचे गोपाळशेठ, भुसार मालाचे व्यापारी. दोघेही गाण्यालाच निघाले होते, आणि माझ्या डोक्यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं.

“बसायचं तर तिसऱ्या टप्प्यावर,” शेषराव म्हणाले. “तितं आवाज गोल यतो.”

“कशाचा गोल? तिसऱ्या टप्प्याला दगडं हालत्यात. मागल्या खेपंला पखवाज ऐकता ऐकता तुमी घसरून खाली गेलतात, ते इसरलात व्हय?”

मला काही उमगेना. मी विचारल्यावर मात्र दोघांनी भांडण सोडलं आणि एकमेकांचं वाक्य तोडत मला सगळं सांगितलं.

रुक्मिणच्या टेंभुर्डेवाडीला एक पाझर तलाव आहे. पाऊस झाला की तो भरतो आणि गावाला गाण्याची आठवण होत नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षी तळ्याचा तळ उघडा पडतो, आणि टोळ्या ऊसतोडीला निघण्याच्या दिवशी गावची दूध संस्था तिथे गाणं ठेवते. तळाशी मातीचा ओटा, त्यावर गाणारे. समोर तळ्याची भिंत, तिच्या आतल्या अंगाला लावलेल्या दगडांवर टप्प्याटप्प्याने ऐकणारे. माइक नाही. पहिल्या वेळी वीज नव्हती म्हणून नव्हता. आता वीज आली तरी कुणी लावू देत नाही.

“मग वरच्यांना ऐकू येतं?” मी विचारलं.

“तीच तर परीक्षा हाय,” शेषराव खुलले. “भिंतीच्या माथ्यावर आमचा एक मानूस बसतो, किसनतात्या. पांढरं उपरणं घिऊन. पहिलं कडवं सरायच्या आत त्याला शब्द ऐकू आलं, की उपरणं वर. न्हाई आलं, की गानाऱ्यानं राम राम करून उतरायचं. मंग त्यो कितीबी मोठा असू द्या.”

“बायका गातात का?”

“औंदा पहिल्यांदाच,” गोपाळशेठ म्हणाले. “पन खरं सांगू का बाई, बाईचा आवाज भिंतीवर पोचत न्हाई.” या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, आणि मला दोघांचाही राग आला. रुक्मिणचा आवाज चार एकर ऊस ओलांडून माझ्या ओट्यावर येतो, हे त्यांना काय माहीत!

शिरूर मागे पडलं आणि बालाघाटाचे डोंगर जवळ आले. अर्ध्या उंचीवर सुकलेली बाजरी, बोंडं धरायच्या आधीच थकलेला कापूस, आणि उतारांवर मात्र सीताफळीची झुडपं डवरलेली. त्या झाडाला दुष्काळ कळत नाही असं दिसतं. वाटेत एका म्हातारीने दोन सीताफळं माझ्या ओटीत टाकली आणि पैसे विचारल्यावर रागावली.

तळ्याच्या तोंडाशी उतरले तेव्हा मी धुळीने माखले होते. वाटेवरच पाण्याने भरलेलं मोठं पिंप होतं, शेजारी तांब्या. मी म्हटलं, काय आतिथ्य आहे! तांब्याभर पाणी घेतलं आणि खळखळून तोंड धुतलं. वळून पाहिलं तर रांगेतली माणसं हातात आपापला तांब्या, कळशी, बाटली घेऊन उभी होती, आणि एक काटकुळे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे रोखून बघत होते.

“बाई,” ते म्हणाले, “हे तिकीट हाय.”

प्रत्येक ऐकणाऱ्याने घरून आणलेलं पाणी त्या पिंपात ओतायचं, हीच प्रवेशाची रीत. त्यावर गाणाऱ्यांची तहान भागते आणि उरलेलं संस्थेच्या जनावरांना जातं. मी लोकांच्या तिकिटांनी तोंड धुतलं होतं! मी लाजेने माझी प्रवासातली अख्खी बाटली त्यात रिकामी केली. म्हाताऱ्यांच्या मिशा हलल्या. “तुमी माज्यापाशीच बसा,” ते म्हणाले. “डोळ्यासमोर असलेलं बरं.” खांद्यावर पांढरं उपरणं होतं. हेच किसनतात्या.

अशा रीतीने सर्वांत वरच्या दगडावर, खुद्द परीक्षकांच्या शेजारी मला जागा मिळाली. वरून सगळं तळं दिसत होतं. भेगाळलेला तळ, मधोमध शेणाने सारवलेला ओटा, आणि भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसंच माणसं. पायथ्याला म्हातारी मंडळी, मध्ये बायका-पोरं, तिसऱ्या टप्प्यावर शेषरावांसारखे कसलेले कानसेन. एवढी गर्दी आणि पोलीस एकही नाही. कोण कुठे बसायचं हे जणू ज्याला त्याला जन्मापासून ठाऊक.

सकाळभर भजनी मंडळं, एक भारूड, एक हलगीचा ताफा झाला. पाच मंडळींना उपरणं मिळालं, दोघांना नाही. ज्यांना नाही मिळालं त्यांत तात्यांच्या सख्ख्या मुलाचं मंडळ होतं. पोरगा ओटा उतरताना वर बघत होता. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, “घरी गेल्यावर जेवान मिळायचं न्हाई मला.” पण उपरणं खांद्यावरच राहिलं.

दुपारी संस्थेच्या शेडमध्ये पंगत बसली. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पुडीची), शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर खवा. वाढणाऱ्या बायकांत रुक्मिण होती. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्या फडात नऊ वर्षं पाहिलेली बाई ती हीच का, असं क्षणभर वाटलं. तिने वाकून माझ्या पानात भाकरी टाकली.

“भ्या वाटतंय बाई,” ती हळूच म्हणाली. “तात्या माझं चुलतसासरं हाईत. आवाज पोचला तरी लोक म्हनतील घरच्या मानसानं फडकं हालवलं. न्हाई पोचला तर म्हनतील, बगा, बायांचं काम न्हवं. मंग पुन्यांदा आमाला कुनी वेळ देनार न्हाई.”

रुक्मिणचं गाणं गावातल्या सगळ्या बायकांच्या वतीने होतं, हे मला पंगतीतल्या शेजारणींकडून कळलं. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी आणि पाण्यासाठी पुरुष दूरदूर फिरत होते, तेव्हा संस्थेचं दूधकेंद्र बायकांनीच चालवलं. एक दिवस बंद पडू दिलं नाही. त्याबद्दल संस्थेने काय हवं विचारलं, तर त्यांनी साडी नाही मागितली, ओटा मागितला. वेळ मिळाली ती दुपारी तीनची. सगळ्यांच्या मागून.

तीन वाजता मी वर जाऊन बसले आणि मला कळलं की ती वेळ सगळ्यांनी का टाळली होती. वारा फिरला होता. सकाळी तो तळ्यातून भिंतीकडे येत होता. आता भिंतीवरून खाली, गाणाऱ्याच्या तोंडावर. शेषराव खालच्या टप्प्यावरून ओरडले, “तात्या, ह्या वाऱ्यात तर वाघाची डरकाळी बी वर यायची न्हाई! काऊन ठिवलं हिला आत्ता?”

“नेम त्यो नेम,” तात्या म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

रुक्मिण ओट्यावर येऊन उभी राहिली. मागे चार जणी टाळ घेऊन. आश्रुबा त्या वेळी कुठे होता? भिंतीच्या पलीकडे, रस्त्यावर. ट्रक लागला होता आणि टोळीची भांडी, पत्रे, बोचकी चढवायची होती. पाचला निघायचं होतं.

रुक्मिण गाईना. नुसती उभी. लोकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, “घाबरली रं.” मग ती वाकली, तळ्यातली मूठभर भुकटी उचलली आणि हात उंच करून बोटांतून सोडली. माती मागे उडाली. ती थांबली. पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडली.

“उफनतीया,” तात्या पुटपुटले आणि ताठ बसले.

ज्या बायकांनी खळ्यावर उभं राहून धान्य उफणलंय, त्यांना वारा कधी पडतो ते कळतं. तो सारखा वाहत नाही, दम घेतो. तिसऱ्या मुठीची माती सरळ तिच्या पायाशी पडली, आणि तिने तोंड उघडलं.

तळ्याच्या पोटामंदी, भेगा पडल्या गं माय
पानी गेलं परगावा, संगं गेले माझे पाय

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून कान पुढे केला होता. पहिल्या ओळीला हात हलला नाही. दुसरी ओळ आली आणि ‘संगं गेले माझे पाय’ हे शब्द असे स्वच्छ वर आले, की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तात्यांचा हात वर गेला. उपरणं फडफडलं. भिंतीवरून एकच गलका उठला आणि लगेच विरला, कारण ती गात होती आणि कुणालाच एक शब्दही सोडायचा नव्हता. मी रडत होते, हे गोपाळशेठनी खालून रुमाल वर पाठवला तेव्हा कळलं. त्यांना मी माफ केलं.

वारा उठला की ती टाळ वाजू द्यायची, वारा पडला की गायची. अशी सात कडवी झाली.

परतीची एस.टी. दुसऱ्या दिवशी होती. पण टोळी आमच्याच भागात निघाली होती. आश्रुबाने मला ट्रकच्या केबिनमध्ये जागा करून दिली. मागच्या हौद्यातली माणसं अंधार पडेपर्यंत फक्त गाण्यावर बोलत होती. ओटा चार हात पुढे हवा होता का, गर्दी मागच्या खेपेपेक्षा जास्त होती का, हलगीवाल्यांनी ताल ओढला का. सकाळी चहाला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्याने विचारलं, “कुठली टोळी?” आश्रुबा छाती पुढे काढून म्हणाला, “टेंभुर्डेवाडी. आमच्या मंडळीनं काल तळ्यात गायलं.” हॉटेलवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. रुक्मिण म्हणाली, “गप ऱ्हावा की,” पण चहा घेताना ती हसत होती.

माझ्या गावच्या फाट्यावर ट्रक थांबला. रुक्मिण हौद्यातून उतरून माझी पिशवी द्यायला आली. पिशवी मात्र तिने सोडली नाही.

“बाई, तुमी तात्यांच्या शेजारी होता. खरं सांगा. पोचला का आवाज? का त्यांनी घरची म्हनून हात वर केला?”

मी जन्मभर मास्तरीण होते. मुलांना खोटे गुण कधी दिले नाहीत. हिला काय देणार? मी तिला सांगितलं, की सकाळी तात्यांनी स्वतःच्या मुलाला उतरवलं होतं. सांगितलं, की तुझ्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते आणि पहिल्या ओळीला हात हलवला नव्हता. दुसरी ओळ सगळीच्या सगळी वर आली. “पण रुक्मिण,” मी म्हणाले, “पहिला शब्द वाऱ्याने खाल्ला. ‘तळ्याच्या’ ऐकू नाही आलं. ‘पोटामंदी’पासून आलं.”

वाटलं, हिरमुसेल. ती नुसतीच विचार करत उभी राहिली, एखादा गवई मैफिलीनंतर राहतो तशी.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “घाई केली म्या. अजून एक मूठ सोडाया पायजे व्हती.”

मग पिशवी माझ्या हातात देऊन ती ट्रकमध्ये चढली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या फडात उसाला पहिला कोयता लागला. वहिनींनी कुंपणावरून विचारलं, दुष्काळ फार आहे का तिकडे. मी म्हटलं, आहे, फार आहे. आणि आपल्या रानात ऊस तोडायला जी बाई आली आहे, तिच्याएवढी मोठी गायिका आपल्या पंचक्रोशीत नाही.