लाल पट्टीचा ग्लास

"हा तुझा," नाना म्हणाले.

मोबाइलवरून डोळेसुद्धा उचलले नाहीत. माठाच्या झाकणावर चार स्टीलचे ग्लास पालथे घातलेले. पाचवा खाली, फरशीवर, भिंतीला टेकवून. त्याच्या पोटाभोवती लाल चिकटपट्टी.

एप्रिल अर्धा उलटला होता. जळगावचं ऊन. सकाळपासून तीन गाड्यांची चाकं घासून माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी खाली वाकलो, तो ग्लास उचलला. माठाला हात लावायचा नाही, हेही नानांनी त्याच आवाजात सांगितलं. भूषणने वरून पाणी ओतलं. भूषण म्हणजे माझ्यासोबत काम करणारा, गाडीचं अंग धुणारा. ओतताना तो रस्त्याकडे बघत होता.

मी प्यालो. हे आधीच सांगून टाकतो, नंतर लपवायला नको. ग्लास विसळला आणि जिथून उचलला तिथेच ठेवला.

त्या पट्टीचं दुखणं वेगळंच होतं. ती पट्टी मीच निवडली होती. रंगसुद्धा माझाच.

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. हायवेवरच्या नानांच्या वॉशिंग सेंटरवर दीड वर्ष होतो. चाकं हे माझं काम. चाक बाहेरून कोणीही चमकवतं. चाकाच्या पोटात कोणी बघत नाही. ब्रेकची काळी पूड तिथे बसते, भाजून घट्ट होते. रावेर, सावद्याकडच्या गाड्या केळीच्या बागांतून येतात, त्यांच्या चाकांत काळी माती आणि केळीचा चीक एकत्र वाळलेला असतो. शेण असतं. कधी चिरडलेला बेडूक, कधी कुत्र्याचे केस. मी हात घालून सगळं काढायचो. मला त्याची कधी किळस आली नाही. घाण धुतली की जाते.

आधी नानांकडे चाकासाठी एक झिजलेला काथ्याचा ब्रश आणि संडासाचं ॲसिड एवढंच होतं. ॲसिडने एका गाडीची रिम पांढरी पडली आणि मालक भांडून गेला. तेव्हा नाना मला स्कूटरवर मागे बसवून बाजारात घेऊन गेले. दुकानदाराला म्हणाले, "याला विचारा. चाकातलं याला जास्त कळतं." मला छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू.

त्या दुकानात मी तासभर उभा होतो. तारेच्या दांड्याचा ब्रश हातात घेतला, टोकाला बोट लावलं. तार उघडी होती. रिमला ओरखडा पाडणार. परत दिला. दुसऱ्याचे केस इतके कडक की सगळं पाणी तोंडावर उडणार. तोही परत. शेवटी लोकरीसारखं कापड गुंडाळलेला लांब दांडा घेतला. तो आऱ्यांमधून आत जातो, मागची सगळी गोलाई पुसतो आणि कुठे टोचत नाही. ब्रेकच्या मागे पोचायला वाकड्या मानेचा ब्रश. नटांच्या खोबणीसाठी बोटाएवढा छोटा. ॲसिड बंद, साधा शाम्पू. आणि एक वेगळी बादली.

वेगळी बादली का, तर चाकातली बारीक खडी पाण्यात उतरते. तेच पाणी गाडीच्या अंगाला लावलं की रंगावर जाळ्यासारखे ओरखडे पडतात. म्हणून मीच म्हणालो, चाकाच्या सगळ्या वस्तूंना लाल पट्टी लावू. चुकून कोणी उचलायला नको. नानांना ते फार पटलं. सेंटरवर आल्यावर मी बादलीला, ब्रशांना, मगाला पट्टी गुंडाळली. भूषणने एकदा लाल बादलीत बोनेटचं फडकं बुडवलं तर त्याच्यावर मी ओरडलोसुद्धा. नियम म्हणजे नियम.

नाना तो नियम चांगला शिकले.

आधी सगळं ठीक होतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कोणाला पत्ता लागत नाही. दीड वर्ष मी त्याच माठातलं पाणी घेत होतो, डबा सगळ्यांच्या मधे बसून खात होतो. नानांनी एकदा माझ्या डब्यातलं भरीतही चाखलं होतं आणि तुझ्या आईच्या हाताला चव आहे म्हणाले होते. मग मी चौदा एप्रिलच्या जयंतीची सुट्टी मागितली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा जास्त वेळ. म्हणाले, "असं होय. जा की."

जाऊन आलो तर डबा खायला बसल्यावर नाना उठून काउंटरवर गेले. दोन-तीन दिवस असेच. आणि मग तो ग्लास.

माझा बाप गावात चहा प्यायचा तो कान तुटलेल्या कपातून. हॉटेलच्या बाहेर वळचणीला खोचलेला कप. आपला कप ओळखायला सोपा होता असं बाप हसत सांगायचा. मीही हसायचो. मला वाटायचं, ते बापाचं. ते गावाचं. मी शहरात काम करतो, मला कळतं कुठल्या चाकाला कुठला ब्रश लागतो, मला कोण काय करणार आहे.

नऊ दिवस मी त्या ग्लासातून प्यालो.

घरी सांगितलं नाही. आईला ताटावर बसल्यावर कळायचं. ती म्हणायची, "काय व्हयनं रे? जेवस का नही?" मी ऊन लागलं म्हणायचो. पाणी पिताना घरच्या ग्लासाच्या पोटावरून बोट फिरवायचो. माझ्याच घरात. त्याची मला अजून लाज वाटते.

सलीमचाचा पॉलिशचं काम करायचे. त्यांच्या हातात सकाळपासून स्वतःची पाण्याची बाटली असायची, फडक्यात गुंडाळलेली. मला वाटायचं त्यांना थंड पाणी चालत नसेल. आठव्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन बसले, बाटली पुढे केली. म्हणाले, "बेटा, मी ही बाटली सहा वर्षांपासून आणतो. तू कधी विचारलं नाहीस."

मी विचारलं नव्हतं. माझा ग्लास सगळ्यांचा होता तोवर मला विचारायचं काय पडलं होतं. ही किळस मला माझीच आली.

नवव्या दिवशी सावद्याचा एक केळीचा व्यापारी आला. मोठी पांढरी गाडी. चारही चाकांत चीक आणि माती दगडासारखी. मी दीड तास घेतला. आधी पाण्याचा मारा, मग शाम्पू टाकून थांबलो, मग लोकरीचा दांडा, मग वाकडा ब्रश. आतली गोलाई आरशासारखी निघाली. व्यापारी गुडघ्यावर बसला, आऱ्यांमधून हात आत घातला आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. बोट स्वच्छ आलं. त्याने ते नानांना दाखवलं. मला म्हणाला, "भाऊ, कमाल हात आहे तुझा. शोरूमवालेही एवढं आत जात नाहीत."

मला बरं वाटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मग त्याला तहान लागली. नाना काउंटरवर होते. तो स्वतःच माठाकडे गेला, वाकला आणि खालचा, पट्टीचा ग्लास उचलला. कदाचित त्याला वाटलं असेल की हा पाहुण्यांचा, म्हणून वेगळा. ग्लास भरला. ओठापर्यंत नेला.

"अहो, तो नको," नाना धावले. "तो त्याचा आहे."

व्यापाऱ्याने ग्लासाकडे पाहिलं. पट्टीकडे. माझ्याकडे. नानांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक करून.

चाकात घालून काढलेलं तेच बोट. चाकातून काढल्यावर त्याने ते पुसलं नव्हतं.

शेणाची आली नव्हती, मेलेल्या बेडकाची आली नव्हती, ती किळस मला त्या इस्त्रीच्या रुमालाची आली. त्या पुसणाऱ्या बोटांची. नानांच्या हसण्याची, कारण नाना त्याच्याकडे बघून ओशाळं हसत होते, जणू काही त्यांच्याच हातून चूक झाली. आणि नऊ दिवस तोंड मिटून प्यालेल्या माझी.

मी उठलो. तो ग्लास घेतला, पाणी ओतून दिलं आणि ग्लास लाल बादलीत बुडवला. काळं पाणी भरलं, चाकावर ओतलं. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतलं.

नाना म्हणाले, "काय करतोस हे?"

"लाल पट्टी चाकाच्या वस्तूला असते, नाना. हा चाकाचा ग्लास आहे. यातून माणूस पाणी पीत नाही."

मग नळावर साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. माठापाशी गेलो. झाकण मी उचललं, ओगराळं मी बुडवलं, वरच्या चारांतला एक ग्लास भरला आणि ओठ लावून प्यालो. सावकाश. सगळं. सलीमचाचांचं पॉलिशचं मशीन बंद झालं होतं.

नाना म्हणाले, "आता तो ग्लास फेकावा लागेल."

"फेका. मी दुसऱ्यातून पिईन. तोही फेका."

त्यांनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते सांगतील हे मला माहीत होतं. मी डबा घेतला आणि तो लाल पट्टीचा ग्लास घेतला. ग्लास का घेतोस असं नानांनी विचारलं नाही. भूषण तेव्हाही रस्त्याकडेच बघत होता.

आता मी धुळ्यात आहे, दुसऱ्या सेंटरवर. इथेही मालकाने चाकाची हत्यारं मलाच निवडायला सांगितली. तीच निवडली. लोकरीचा दांडा, वाकडा ब्रश, बोटाएवढा छोटा, वेगळी बादली. लाल पट्टीही मीच गुंडाळली, कारण गाडीचा रंग जपायला ती लागते. तो ग्लास माझ्या सामानात असतो. त्याने मी शाम्पू मोजून टाकतो. तो आता खरोखर चाकाचंच हत्यार आहे.

पहिल्या दिवशी काम सुरू करण्याआधी मी माठाकडे गेलो. सगळे ग्लास हातात घेऊन बघितले. मग मालकासमोर, सगळ्यांच्या आधी, त्यांतल्याच एकातून पाणी प्यालो. रोज पितो. पहिला मी. ज्याला चालत नाही त्याने पहिल्याच दिवशी सांगावं, माझं नाव, गाव, वस्ती मी स्वतःहून सांगितली आहे.

नऊ दिवस मी दिले. दहावा कोणाला मिळणार नाही.